डीजेआय एअर २एससाठी हार्ड केस: वटपौर्णिमा ते शिमगा, वापरानंतरचा अनुभव

वटपौर्णिमेच्या सुमारास ही पेटी घेतली. पावसाळा, गणपती, दिवाळीनंतरची लग्नसराई असं सगळं तिच्यावरून गेलं, आता शिमगाही झाला. इतक्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: ड्रोनच्या पेटीवर खर्च करताना बाहेरच्या कवचापेक्षा आतल्या फोमचा विचार जास्त करावा. कवच भक्कम हवंच, पण तसं कवच आज विकत मिळतं. आतली रचना मात्र आपल्या ड्रोनला, आपल्या हाताला आणि आपल्याकडच्या हवेला जुळेल अशी कुणी तयार देत नाही. ती बसून करून घ्यावी लागते.

आमच्याकडे डीजेआयचा एअर २एस आहे. वजन ५९५ ग्रॅम, घडी घातल्यावर १८० × ९७ × ७७ मिलिमीटर, पुढच्या टोकाला गिम्बलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेवर, एक इंची सेन्सरचा कॅमेरा. मी आणि माझा भाऊ कोल्हापुरातून काम करतो. लग्नं असतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या फिल्म्स असतात, आणि पावसाने जरा उघडीप दिली की गगनबावडा, आंबोली ही माझ्या आवडीची ठिकाणं. म्हणजे ड्रोन कधी स्कूटरवर, कधी गाडीच्या डिकीत, कधी एसटीत मांडीवर.

पेटीचा इतका विचार कशाला, असं घरातही विचारलं गेलं. त्याला कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. सुटे भाग आणता येतात, पण ड्रोनच गेला तर तसाच दुसरा दुकानातून उचलून आणू, असं आता होत नाही. हातात आहे तो जपायचा. आणि या ड्रोनमध्ये सगळ्यात नाजूक काय, तर तो गिम्बल. तीन बारीक मोटर, केसासारख्या पातळ तारांची पट्टी आणि रबराच्या छोट्या दट्ट्यांवर तोललेला कॅमेरा. उडताना तो अलगद तरंगतो ते त्या रबरांमुळेच. पेटीत ठेवल्यावर त्याच रबरांवर तासन् तास दाब राहिला तर क्षितिज तिरकं दिसायला लागतं, चित्र थरथरतं. पडझडीचे प्रसंग फार क्वचित येतात. हा दाब मात्र रोजचा असतो.

घेताना तीन-चार प्रकार पाहिले. ड्रोनच्या कॉम्बो पॅकबरोबर येते ती खांद्याची बॅग हलकी आहे, गावातल्या गावात तेवढी पुरते, पण बसमध्ये तिच्यावर कुणाची ट्रंक आली की संपलं. ईव्हीए नावाच्या रबरासारख्या फोमच्या, साच्यात दाबून केलेल्या अर्धकडक केसेस दिसायला नीटस असतात, पण त्यांच्या चेनमधून धूळही जाते आणि दमटपणाही. कॅमेऱ्याची सॅक चालते, पण स्कूटरवर पुढे ठेवायला अडचणीची. म्हणून हार्ड केस.

माप ठरवायला कागद-पेन्सिल घेऊन बसले. या प्रकारात पेलिकन कंपनीच्या पेट्यांची मापं सगळीकडे प्रमाण धरली जातात, म्हणून तीच समोर ठेवली. पेलिकन १४०० ची आतली लांबी-रुंदी ३० × २२.५ सेंटिमीटर. ड्रोन ९.७ रुंद, रिमोट ८.६ रुंद, दोन्हींची लांबी १८. शेजारी शेजारी ठेवले तर १८.३ सेंटिमीटर झाले, २२.५ मधून उरले ४.२, आणि त्यात फोमच्या तीन भिंती. म्हणजे एकेक भिंत जेमतेम १.४ सेंटिमीटर. इतकी पातळ भिंत महिन्याभरात वाकते. १४५० ची लांबी-रुंदी ३७.१ × २५.८, खोली १५ च्या आसपास. इथे भिंती दोन-दोन सेंटिमीटरच्या बसतात आणि बॅटऱ्यांना साधारण दहा सेंटिमीटरची वेगळी पट्टी मिळते. मी घेतलेली पेटी त्याच मापाची, पॉलिप्रॉपिलिनची, आयपी६७ दर्जाची आहे. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडली तरी आत पाणी शिरत नाही. रिकामी पेटी फोमसकट अडीच किलोच्या घरात जाते. ड्रोनच्या चौपट वजन फक्त पेटीचं. हे आधी माहीत असलेलं बरं.

पेटीबरोबर आलेला फोम मी वापरला नाही. चौकोनी खडे तोडून खाच करायचा तो फोम, बोटाने दाबला की दबलेलाच राहायचा, आणि तोडलेल्या कडेवरून भुसा सांडत होता. तो भुसा गिम्बलच्या सांध्यात गेला की काढताना नाकी नऊ येतात. एक तुकडा घेऊन फोमवाल्या मामांकडे गेले. त्यांनी चुरगाळून पाहिला. "ताई, ह्यो गादीचाच फोम हाय. पावसाळ्यात वल धरणार आन् मग पीठ पडणार बघा." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. गादीचा पॉलियुरेथेन फोम उघड्या छिद्रांचा असतो, पाणी पितो, आणि त्यातले काही प्रकार दमट हवेत हळूहळू विरघळल्यासारखे चिकट होतात, मग त्यांची पूड पडते. जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेत काळा चिकट थर पाहिला असेल, तो हाच प्रकार. कोकण आणि घाटमाथ्यावर फिरणाऱ्याने बंद छिद्रांचाच फोम घ्यावा: ईव्हीए, किंवा क्रॉसलिंक पॉलिथिलीन. त्यात पाणी मुरत नाही, पुसलं की झालं.

पण इथे एक बारकावा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. फोम जितका कडक आणि महाग तितका चांगला, असं नसतं. वीस किलोच्या यंत्रासाठी केलेला घट्ट फोम सहाशे ग्रॅमच्या ड्रोनखाली दबतच नाही. न दबणारा फोम म्हणजे लाकडी फळी. धक्का सरळ ड्रोनला. धक्का खाण्यासाठी फोमला त्या वजनाखाली थोडं तरी बसता यायला हवं. म्हणून मी दोन जाती वापरल्या. भिंतींना ईव्हीए, कारण खाचेचा आकार टिकायला हवा. तळाला दोन सेंटिमीटरचा हलका, मऊ, पांढरा ईपीई, टीव्हीच्या खोक्यात येतो तसा. ड्रोन त्यावर ठेवला की किंचित बसतो आणि हात लावला की हलकेच वर येतो. तेवढी लवचीकता पुरते.

खाच कापायला कटर, गरम तार असे उपाय आहेत, पण आमच्याकडे पाट्या करणाऱ्यांची लेझर मशिनं गल्लोगल्ली आहेत, त्याचा फायदा घेतला. ईव्हीए लेझरवर स्वच्छ कापला जातो. पॉलिथिलीन वितळतो आणि मधेच पेट घेतो. पीव्हीसी असलेला फोम तर मशिनजवळही न्यायचा नाही, जळताना त्यातून निघणारा वायू छातीला आणि मशिनला दोन्हींना घातक. दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न तोच विचारला, तेव्हाच मला त्याच्यावर विश्वास बसला. आधी कोपऱ्यातला तुकडा कापून पाहिला, मगच पूर्ण शीट लावली.

कापायच्या आकाराची फाइल मी कोरल या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. ड्रोन पांढऱ्या कागदावर घडी घालून ठेवला, शेजारी स्टीलची पट्टी, आणि स्टुलावर उभं राहून बरोबर डोक्यावरून लांब लेन्सने फोटो काढला. जवळून काढलेल्या फोटोत वरचा भाग मोठा दिसतो आणि खाच ढिली होते, म्हणून जेवढं लांबून तेवढं बरं. फोटोवर रेघ ओढली, पट्टीवरून माप जुळवलं, आणि रेघ सगळीकडून दीड मिलिमीटर आत घेतली, म्हणजे वस्तू फोममध्ये पकडून राहते. फोमच्या आधी तोच आकार पुठ्ठ्यावर कापून ड्रोन त्यात घालून पाहिला. पुठ्ठ्याला पाच रुपये लागतात, ईव्हीएच्या शीटला बरेच जास्त.

शीट दहा मिलिमीटरच्या घेतल्या आणि थरावर थर चिकटवले. यात खरी गंमत आहे. प्रत्येक थराचा आकार वेगळा ठेवता येतो. वरच्या थरात ड्रोनच्या घडी घातलेल्या हातांची पूर्ण रुंदी, खाली पोटाची अरुंद बाजू, आणि कॅमेऱ्याच्या खालच्या व पुढच्या प्रत्येक थरात मोकळी जागा. ड्रोनचं वजन पोटावर आणि मागच्या बाजूवर तोललं जातं, गिम्बलला पारदर्शक टोपण लावलेलं असतानाही त्याच्या चहूबाजूंनी बोटभर हवा असते. पाहणाऱ्याला ती खाच उगाच मोठी वाटते. तीच सगळ्यात महत्त्वाची खाच आहे.

आणखी एक गोष्ट, पेटी टेबलावर आडवी ठेवून रचना करताना सहसा ध्यानात येत नाही. पेटी आपण आडवी उचलत नाही. मुठीला धरून उचलली की ती उभी राहते, बिजागरीची बाजू जमिनीकडे. म्हणजे प्रवासातला निम्मा वेळ आतली प्रत्येक वस्तू उभी लटकलेली असते. त्या वेळी ड्रोनचं तोंड खाली असेल तर आतली सगळी काळजी वाया. म्हणून ड्रोन पेटीच्या २६ सेंटिमीटरच्या बाजूला समांतर, शेपूट बिजागरीकडे आणि कॅमेरा मुठीकडे, असा बसवला. १८ चा ड्रोन २६ मध्ये, दोन्ही टोकांना चार-चार सेंटिमीटर. पेटी उचलली की ड्रोन शेपटीवर उभा राहतो आणि गिम्बलवर काहीच भार येत नाही. तयार कापलेले फोम घ्यायचे असतील त्यांनीही एवढं एक तपासावं. ड्रोन आडवा, म्हणजे मुठीला समांतर ठेवलेले बरेच नमुने दिसतात. त्यात पेटी उभी झाली की तो कुशीवर पडतो.

चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ वापरला. दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचं. पण त्याचा वास जाईपर्यंत पेटी उघडी ठेवली, आत काही ठेवलं नाही. बंद पेटीत ती वाफ लेन्सभोवती कोंडू द्यायला माझं मन होईना. सगळ्यात खालचा ईव्हीएचा थर पिवळा आहे, बाकी काळे. खाच रिकामी असली की पिवळं दिसतं. रात्री मांडवातून सामान आवरताना, वीज अर्धी बंद झालेली असताना, पेटीत एक नजर टाकली की काय राहिलं ते कळतं. फिल्टरची डबी दोनदा याच पिवळ्या रंगाने वाचवली आहे.

आता दमटपणाचं. याच बाबतीत हार्ड केस उलटी बाधू शकते. हवाबंद पेटी बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसा आतलाही बाहेर जाऊ देत नाही. आंबोलीत ढग अंगावरून जातात. एअर २एसला पाण्यापासून संरक्षणाचा कुठलाच दर्जा नाही, पावसात तो उडवायचा नसतोच, पण नुसत्या धुक्यातूनही तो ओलसर होऊन येतो. तसाच पेटीत घालून कड्या लावल्या तर कापडी बॅगेपेक्षा वाईट. आम्ही परत आलेला ड्रोन आधी मायक्रोफायबरने पुसतो, पंख्यांच्या मुळाशी आणि मोटरच्या फटीत ब्लोअर मारतो, प्रवासात पेटीऐवजी सुती पिशवीत ठेवतो. मुक्कामी पोचलो की पंख्याखाली पेटी आणि ड्रोन दोन्ही उघडे. सकाळी कड्या लागतात.

आत सिलिका जेलच्या पन्नास ग्रॅमच्या दोन पुड्या असतात, नारंगी दाण्यांच्या. ओलावा प्याल्या की दाणे गडद हिरवे होतात. घरच्या ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा नारंगी, मात्र कागदी पुडीतून काढून स्टीलच्या ताटात पसरून. झाकणाला छोटा डिजिटल आर्द्रतामापक चिकटवलाय. स्वस्तातल्या मापकांचा आकडा सहज पाच-सात टक्क्यांनी चुकतो, त्यामुळे आधी तपासून घ्यायचा. सोपी रीत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ आणि जेमतेम भिजेल इतकं पाणी, ते आणि मापक एका घट्ट डब्यात, रात्रभर. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ८० दाखवत असेल तर त्यातून पाच वजा करायचे. पेटीत ४० ते ५० टक्के राहावेत असा माझा प्रयत्न असतो. सतत ६० च्या वर राहिले की लेन्सला बुरशी धरायला वाव मिळतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा नव्वदच्या पुढे असते. त्या दोन महिन्यांत पुड्या आठवड्याला बदलल्या. नोव्हेंबरनंतर त्यांच्याकडे बघायलाही लागलं नाही.

पेटीला हवेचा झडप असलाच पाहिजे, ही आणखी एक अट. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर. तिथे बंद केलेली पूर्ण हवाबंद पेटी खाली वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर नेली तर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी जास्त होतो. ३७ × २६ च्या झाकणावर हिशेब केला तर साधारण पाऊणशे किलोचा भार येतो. झाकण उघडणारच नाही. माझ्या पेटीचा झडप आपोआप चालतो, हवा जाते पण पाणी येत नाही. काही पेट्यांना हाताने फिरवायचा स्क्रू असतो, तोही चालतो, फक्त घाट उतरल्यावर आधी तो सैल करायचा.

बॅटऱ्यांसाठी तीन खाचा केल्या, पण उडवून आलेली गरम बॅटरी त्यात लगेच जात नाही. फोम उष्णता धरून ठेवतो. ४० अंशांच्या वर ही बॅटरी चार्जिंगही घेत नाही, त्यामुळे ती सावलीत, बाहेर, निवली की आत. भरलेली बॅटरी सरळ, वापरलेली उलटी, हा आमचा दोघांचा ठराव आहे. काम करताना एकमेकांना विचारावं लागत नाही. आणि आता ऊन वाढलंय, तर काळी पेटी बंद गाडीत ठेवणं पूर्ण बंद. सोलापूरकडच्या लग्नांना पेटीवर पांढरा पंचा टाकतो आणि मांडवात जवळ ठेवतो.

विमानाचं वेगळं गणित आहे. एका बॅटरीची क्षमता ४०.४२ वॉट-तास, १०० च्या आत, त्यामुळे अडचण नाही. पण सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात, आणि संपर्काच्या पट्ट्या झाकलेल्या हव्यात. म्हणून बॅटऱ्यांची पट्टी मी उरलेल्या फोमला चिकटवलीच नाही. ती अख्खी उचलून निघते आणि पिशवीत बसते. कोल्हापूरहून सुटणाऱ्या छोट्या एटीआर विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तिथे पेटी जाईलच याची खात्री धरता येत नाही. हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक देशी विमान कंपन्यांत सात किलो, त्यातले सव्वाचार-साडेचार भरलेली पेटीच खाते. ड्रोन आणि बॅटऱ्या अशा सुटसुटीत काढता येणं त्या वेळी फार कामाला येतं.

झाकणाच्या खिशात यूआयएनचा, म्हणजे ड्रोनच्या नोंदणी क्रमांकाचा, कागद आणि रिमोट पायलट प्रमाणपत्राची प्रत. ५९५ ग्रॅम म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मायक्रो वर्ग, आमचं काम व्यावसायिक, तेव्हा दोन्ही लागतात. पोलीस पाटलांनी विचारलं तर मोबाइलमध्ये शोधत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

त्रास काय, तेही सांगते. गडावर ही पेटी नेण्यात अर्थ नाही. पायथ्यापर्यंत ठीक, वर जाताना ड्रोन, रिमोट आणि बॅटऱ्या मऊ पाउचमध्ये घालून सॅकमध्ये. म्हणजे पेटी असली तरी दुसरी पिशवी लागतेच. कड्या सुरुवातीला इतक्या घट्ट होत्या की माझ्या हाताने एका झटक्यात उघडायच्या नाहीत. वापराने सैलावल्या, रबरी सीलला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिल्यावर आणखी सुधारल्या. पेट्रोलियम जेली लावू नका, काही रबरं तिने फुगतात. आणि अशी पेटी दिसली की मंडपात चारजण येऊन आत काय आहे विचारतात, लहान मुलं तर वर बसायलाच येतात. बसू दे, वजन पेलते ती. पण नजर ठेवावी लागते, म्हणून आता छोटं कुलूप असतं.

स्कूटरवर पेटी मागच्या कॅरियरला बांधू नका. तिथला हादरा बारीक आणि सतत असतो, स्क्रू सैल करणारा. पुढे पायाशी, खाली जुनी बसकर घालून ठेवली की फरक लगेच जाणवतो. भाऊ पहिल्यांदा हसला होता, आता त्याच्याही गाडीवर बसकर असते.

तळाचा मऊ ईपीई आता कॅमेऱ्यामागच्या भागात दोन-तीन मिलिमीटर बसलाय. तो मी मुद्दाम चिकटवलेला नाही, नुसता टाकलाय, म्हणजे ईव्हीएची चौकट तशीच ठेवून तेवढाच बदलता येतो. मृगाच्या आधी नवीन तुकडा कापून घालणार आहे, आणि त्याच वेळी रिमोटच्या खाचेला बोट घालायला थोडी जास्त जागा करणार आहे. पावसाळी हातमोजे घातले की सध्याच्या खाचेतून रिमोट निघायला वेळ लागतो.